नवलाईची किंमत

दिवाळीच्या मुहूर्तावर घरात काय आणावे, ह्याची आपल्याकडची यादी पिढ्यानपिढ्या ठरलेली होती. ऐपत असेल त्याने गुंजभर सोने घ्यावे, नसेल त्याने तांब्याची कळशी घ्यावी, आणि तेही न जमले तर निदान नवी केरसुणी आणून लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहावे. पुढे ह्या यादीत सायकल आली, रेडिओ आला, शिवणयंत्र आले, फटफटी आली, टीव्ही आला. आता गेली काही वर्षे ह्या यादीच्या माथ्यावर तळहाताएवढी काचेची एक वडी येऊन बसली आहे. तिची किंमत ८-१० हजारांपासून दीड लाखापर्यंत आणि त्याही पुढे जाते. आणि ती घ्यावी की न घ्यावी, घ्यावी तर केवढ्याची घ्यावी, ह्यावर फराळाच्या ताटाभोवती जेवढे वाद होतात तेवढे मुलीच्या स्थळावरूनही होत नसतील.

ह्या वादातल्या दोन्ही बाजू ऐकून ऐकून पाठ झाल्या आहेत. तरुण म्हणतो, जग पुढे चालले आहे, आपणच मागे का राहायचे? आजोबा म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. ह्या पैशांत आमच्या वेळी घर झाले असते. दुकानदार दोघांकडेही पाहून हसतो आणि हप्त्याचा कागद पुढे सरकवतो. मला वाटते, हा वाद नुसत्या आवडीनिवडीवर सुटणारा नाही. अर्थशास्त्र मी कॉलेजात जाऊन शिकलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवतो. पण एक खोड आहे. वर्तमानातले भांडण मिटेनासे झाले की मी मागे वळून पाहतो. महागडी नवी वस्तू प्रथम कोणी घेतली, तिचे काय दाम मोजले, आणि त्याच्या पदरात काय पडले? फोनच्या बाबतीत ह्या प्रश्नाची उत्तरे इतिहासात स्वच्छ लिहिलेली आहेत.

१

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनी १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. त्यानंतर अवघ्या ६ वर्षांत, १८८२ साली, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ह्या तीन शहरांत टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी ९३ वर्गणीदार होते. ह्या आकड्याकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. शिवणयंत्र साऱ्या गावात एकट्याने घेतले तरी ते शिवते. कंदील एकट्याने घेतला तरी तो उजेड देतो. टेलिफोन एकट्याने घेतला तर तो मुका! त्या पहिल्या वर्गणीदाराला बोलायला उरलेली ९२ माणसे होती, आणि त्यांच्यापैकी कितींशी त्याचे बोलण्यासारखे काम असेल? म्हणजे ह्या वस्तूचा स्वभावच असा की, तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त दाम पडते आणि सर्वांत कमी उपयोग होतो. पुढे घेणारे जसजसे वाढतात तसतसा पहिल्याच्याही फोनचा उपयोग वाढत जातो, तोही त्याने आणखी एक पै न मोजता.

आपल्याकडे मात्र पुढची शंभर वर्षे फोन पसरलाच नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत शहरात फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तेव्हा प्रश्न ‘केवढ्याचा घ्यावा’ हा नव्हताच. ‘आपला नंबर कधी लागणार’ हा होता. ज्याच्या घरी फोन आला त्याच्या दिवाणखान्यात त्याला देव्हाऱ्याजवळची जागा मिळे. त्यावर विणलेला रुमाल पडे, आणि शेजाऱ्यांनी गैरफायदा घेऊ नये म्हणून डायलच्या भोकात एक चिमुकले कुलूपही बसे. ज्यांच्याकडे फोन नसे ते आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घालीत. एका फोनवर सारी चाळ जगे. वाईट बातमी आली की तो फोन घेणाऱ्या बाईंचा चेहराच आधी बोले.

१९८४ साली ‘सी-डॉट’ ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची केंद्रे उभी राहू लागली, आणि गावोगाव पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी.ची दुकाने निघाली. रात्री दर उतरले की तिथे रांग लागे. काचेच्या खोक्यात उभे राहून, समोर पळणाऱ्या तांबड्या आकड्यांवर डोळा ठेवून, मुंबईच्या मुलाशी बोलणारी आई ज्याने पाहिली आहे त्याला ‘बोलण्याची किंमत’ ह्या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

२

मोबाइल फोनचा जन्मही असाच श्रीमंत घरातला. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीचे इंजिनियर मार्टिन कूपर ह्यांनी हातातल्या यंत्रावरून एक फोन लावला. आणि तो लावला प्रतिस्पर्धी बेल लॅबोरेटरीजमधल्या जोएल एंगल ह्यांना! माणूस किती मोठा शोध लावो, चिडवण्याची हौस सुटत नाही. ते यंत्र किलोभराहून जड होते. बाजारात येण्याजोगे व्हायला त्याला आणखी १० वर्षे लागली. १९८३ साली त्याची किंमत ठरली ३,९९५ डॉलर. १० तास वीज भरावी तेव्हा ते अर्धा तास बोलू देई. आजच्या हिशेबाने पाहिले तर त्या गिऱ्हाइकाने एक वीट विकत घेतली. पण त्या विटेच्या पैशांवरच पुढची इमारत उभी राहिली.

भारतात हा फोन आला ३१ जुलै १९९५ रोजी. त्या दिवशी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले. त्या सुरुवातीच्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडे. बरे, फोन केला तर पैसे हे समजू शकते. पण आलेला फोन घेतला तरी पैसे! त्यामुळे खिशात फोन असलेला मनुष्य तो वाजला की दचके, नंबर पाही, आणि पुष्कळदा बंद करून शेजारच्या पिवळ्या पाटीच्या दुकानात जाऊन उलट फोन करी. ह्याच अडचणीतून ‘मिस्ड कॉल’ नावाची एक बिनपैशाची भाषा आपल्या लोकांनी शोधून काढली. एक घंटा म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांकडून परवान्याची ठोक रक्कम घेण्याऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली, आणि दर उतरू लागले. २००३ साली आलेल्या फोनचे पैसे पडेनासे झाले. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये हातावर ठेवा आणि फोन घेऊन जा, बाकीचे पुढे हप्त्याने द्या, अशी योजना काढली. आणि त्याच वर्षी नोकिया कंपनीने ‘११००’ ह्या नंबरचा एक साधासुधा फोन आणला. त्याला रंगीत पडदा नव्हता, छायाचित्र काढायची सोय नव्हती. होती ती एक विजेरी, आणि धूळ आत जाऊ नये अशी बटणे. हिंदुस्थानातल्यासारख्या धुळीच्या आणि वीज जाण्याच्या मुलखात माणसाला काय लागते, हे ज्याने ओळखले त्याचाच हा फोन. जगभर तो २५ कोटींहून अधिक खपला. फोनच्या इतिहासातल्या सर्वाधिक खपलेल्या यंत्रांत त्याची गणना होते. आणि ते सर्वांत महाग तर नव्हतेच, चांगले स्वस्त होते.

म्हणजे १९९५ च्या गिऱ्हाइकाने नवलाईचे दाम मोजले, आणि ८ वर्षे थांबलेल्याने नुसत्या फोनचे मोजले. इथपर्यंत आजोबांचा जय झाला असे वाटेल. पण इतिहास इतका एकमार्गी नसतो.

३

उत्तर केरळच्या किनाऱ्यावरची एक हकिकत आहे. रॉबर्ट जेन्सन ह्या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारली मासळीच्या बाजाराचा काही वर्षे अभ्यास करून २००७ साली ती प्रसिद्ध केली. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा गावच्या किनाऱ्यावर ११ कोळी आपली मासळी वाळूत टाकून देण्याच्या बेतात होते, कारण त्या दिवशी तिथे एकही गिऱ्हाईक उरले नव्हते. आणि त्याच वेळी, १५ किलोमीटरांच्या आत, चोंबाल आणि क्विलांडी ह्या दोन बाजारांत मिळून २७ व्यापारी मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परतायला निघाले होते! इकडे माल कुजतो आहे, तिकडे माणूस ताटकळतो आहे, आणि मध्ये फक्त अज्ञान. होडीतून कोणत्या किनाऱ्याला भाव आहे हे कळणार कसे? तेल जाळून दुसऱ्या किनाऱ्याला जावे आणि तिथेही भाव पडलेला असावा, तर दोन्हीकडून नुकसान. म्हणून जो तो आपल्याच गावी होडी लावी, आणि दैवाला बोल लावी.

त्याच वर्षापासून त्या किनाऱ्यावर मोबाइलचे मनोरे उभे राहू लागले. त्यांचा पल्ला समुद्रातही काही अंतरापर्यंत जाई. फोन तेव्हा महाग होता, बोलणेही महाग होते. कोळ्यांनी तो तरीही घेतला. होडीतूनच चार बाजारांत विचारायचे आणि जिथे भाव आहे तिथे नाव वळवायची, असा क्रम सुरू झाला. पूर्वी पकडलेल्या मासळीतला शेकडा ५ ते ८ हिस्सा फुकट जाई, तो जवळजवळ बंद झाला. कोळ्यांचा नफा सरासरी शेकडा ८ नी वाढला, आणि गंमत म्हणजे खाणाऱ्याला मासळी शेकडा ४ नी स्वस्त मिळू लागली. विकणारा सुखी आणि घेणाराही सुखी, असे बाजारात सहसा घडत नाही.

आता ह्या कोळ्याला ‘थांब बाबा, ८ वर्षांनी स्वस्त होईल’ असा सल्ला कोण देईल? त्याने दिलेले दाम नवलाईचे नव्हते. वाळूत टाकाव्या लागणाऱ्या मासळीचे होते. एकाच काळी, एकाच किमतीचा फोन शहरातल्या हौशी माणसाच्या कमरेला दागिना होता आणि होडीतल्या माणसाच्या हातात हत्यार होता. किंमत एकच, मोल निराळे. महाग वस्तू घ्यावी की नाही, ह्याचे उत्तर वस्तूत शोधण्यात अर्थ नाही. ती वस्तू नसल्यामुळे घेणाऱ्याचे काय अडले आहे, तिथे ते शोधले पाहिजे.

४

आता ज्याला आपण स्मार्टफोन म्हणतो त्याच्या कुळाकडे वळू. ह्या कुळाचा मूळ पुरुष ‘सायमन’. आय. बी. एम. कंपनीने तो १९९४ साली अमेरिकेत विकायला काढला. त्याला बोटाने चालणारा पडदा होता, त्यात पत्ते ठेवता येत, टपाल पाठवता येई. कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह किंमत ८९९ डॉलर. सुमारे ५० हजार नग खपले आणि धंदा आटोपला. कल्पना बरोबर होती. पण बॅटरी तासाभरात मान टाकी, आणि दळणवळणाचे जाळे अजून विणलेच गेले नव्हते. नवी वस्तू वेळेच्या आधी आली की ती वस्तुसंग्रहालयात जाते, ती अशी.

२९ जून २००७ रोजी अ‍ॅपल कंपनीचा पहिला आयफोन विक्रीला आला. लोक दुकानांबाहेर रात्रभर रांगा लावून उभे होते. मोठ्या साठ्याच्या फोनची किंमत ५९९ डॉलर. त्या दिवशी घेणारा स्वतःला भाग्यवान समजला असेल. ५ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर ६८ दिवसांनी, कंपनीने त्याच फोनची किंमत ३९९ डॉलर केली. दोनशे डॉलर एका दिवसात वितळले! रांगेत उभे राहिलेल्यांनी इतका गिल्ला केला की कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज ह्यांना दुसऱ्याच दिवशी जाहीर पत्र लिहावे लागले. पत्राचा मथितार्थ असा, की दर उतरण्याच्या आधी घेणारा कोणीतरी असतोच आणि ह्या क्षेत्रात हे चालायचेच. तरी पहिल्या गिऱ्हाइकांचा विश्वास आम्ही राखला पाहिजे. आणि त्या गिऱ्हाइकांना कंपनीच्या दुकानात वापरण्यासाठी १०० डॉलरांची सूट दिली. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. तिकडे ते ६८ भरले इतकेच.

शिवाय त्या पहिल्या फोनमध्ये काय नव्हते पाहा. बाहेरच्यांनी बनवलेले एकही अ‍ॅप त्यावर घालता येत नव्हते; त्याचे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय २००९ साली आली. भारतात हा फोन आला ऑगस्ट २००८ मध्ये, दुसऱ्या पिढीचा. किंमत ३१ हजार रुपयांपासून पुढे. अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने ९ हजार रुपयांच्या आत हाती येत होता. उरलेले पैसे तिथली टेलिफोन कंपनी दरमहा बिलातून वसूल करी हे खरे. पण दोन देशांतल्या त्या आकड्यांनी आपल्या मध्यमवर्गाचे डोळे चांगलेच उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन निघाला, आणि मग अनेक कंपन्यांनी तसे फोन करायला घेतले. चुरस लागली आणि जे ३१ हजारांना मिळत होते त्याहून कितीतरी अधिक पुढे १० हजारांत मिळू लागले.

हे स्वस्त होणे दैवी नव्हे. गॉर्डन मूर ह्या शास्त्रज्ञाने १९६५ सालीच लिहून ठेवले होते की एका चिपवर बसवता येणाऱ्या सूक्ष्म भागांची संख्या वर्षागणिक दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. त्या चालीने कितीतरी वर्षे कारखाने चालले. त्या काळात दोन वर्षे जुना फोन खरोखरच जुना असे. नव्यात जे होई ते त्याच्याने होतच नसे. तेव्हा नवा घेणाऱ्याला दाम अधिक पडले तरी काहीतरी नवे हाती येई. अंध माणसांचेच घ्या. २००९ साली आयफोनमध्ये पडद्यावरचे सारे वाचून दाखवणारी सोय आली, आणि ज्या गुळगुळीत काचेवर त्यांना काहीच कळण्यासारखे नव्हते तीच काच त्यांच्याशी बोलू लागली. असा फोन महाग असला तरी महाग नव्हे.

५

मग आजच्या लाखाच्या फोनचे काय? हे समजायला मोटारीच्या धंद्यातली एक जुनी हकिकत उपयोगी पडते. हेन्री फोर्ड ह्यांनी १९०८ साली ‘टी’ नावाची मोटार काढली. किंमत ८०० डॉलरांच्या वर. पुढची १५-२० वर्षे त्यांनी मोटार तीच ठेवली आणि किंमत उतरवत उतरवत ३०० डॉलरांच्या खाली आणली. पण ज्याला घ्यायची त्याने घेतली, मग विकायची कोणाला? तेव्हा जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन ह्यांनी दुसरी वाट काढली. दरवर्षी नवा नमुना, नवा रंग, नवा बाक. जुनी गाडी धावत असतानाच मालकाला ती जुनी वाटली पाहिजे! वस्तू स्वस्त करून नवे गिऱ्हाईक आणणे ही एक वाट, आणि जुन्याच गिऱ्हाइकाला अस्वस्थ करणे ही दुसरी.

फोनच्या धंद्याने पहिली वाट २००३ साली धरली आणि आता तो बव्हंशी दुसऱ्या वाटेवर आहे. २०१७ साली अ‍ॅपलचा ‘एक्स’ हा फोन अमेरिकेत ९९९ डॉलरांना निघाला. आपल्याकडे त्याची किंमत ८९ हजारांपासून होती. तोपर्यंतचे महागडे फोन काहीतरी नवे करू देत. त्यानंतरचे बहुतेक फोन तेच काम थोडे अधिक चांगले करतात. रात्रीचे छायाचित्र अधिक उजळ, पडदा अधिक तेजस्वी, कड अधिक पातळ. ज्याचा छायाचित्रणावर चरितार्थ आहे त्याला हा फरक पैशांत मिळतो. आपण मात्र बारशाचे छायाचित्र काढतो, ते आत्याला पाठवतो, आणि आत्या ते ज्या फोनवर पाहते तो १० हजारांचाच असतो.

‘पण जुना फोन हळू चालतो ना,’ असे कोणी म्हणेल. त्याचीही एक हकिकत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने मान्य केले की बॅटरी थकलेल्या जुन्या फोनांचा वेग ती आपल्या प्रणालीतून मुद्दाम कमी करीत होती. फोन एकाएकी बंद पडू नये हा हेतू असल्याचे तिने सांगितले. पण गिऱ्हाइकाला हे सांगितलेलेच नव्हते! मग कंपनीने क्षमा मागितली आणि अमेरिकेत नवी बॅटरी घालण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. हे न सांगण्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंडही झाला. फोन म्हातारा झाला नव्हता, बॅटरी म्हातारी झाली होती. आणि हे ठाऊक नसल्यामुळे किती लोकांनी २९ डॉलरांच्या दुखण्यावर कित्येक पट दामाचे औषध घेतले असेल!

महाग फोनच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २०२३ च्या अखेरीस गूगलने आणि २०२४ च्या आरंभी सॅमसंगने आपल्या वरच्या वर्गातल्या नव्या फोनांना ७ वर्षे सुधारणा आणि सुरक्षा पुरवण्याचे वचन दिले. तेव्हा हिशेब असा मांडावा. ७० हजारांचा फोन ७ वर्षे वापरला तर वर्षाला १० हजार पडतात. १५ हजारांचा ३ वर्षे वापरला तर ५ हजार. फरक आहे, पण वाटतो तेवढा अफाट नाही. मात्र ज्याला दर दुसऱ्या दिवाळीला नवा फोन हवा त्याला वर्षाला ३५ हजार पडले, आणि त्या ७ वर्षांच्या वचनातली ५ वर्षे त्याने आपण होऊन सोडून दिली.

६

‘एवढे पैसे कुठून आणायचे’ ह्या प्रश्नाला दुकानदाराचे उत्तर तयार असते. हप्ते! ही युक्तीही फोनवाल्यांची नव्हे. १८५० च्या दशकात अमेरिकेत सिंगर कंपनीचे शिवणयंत्र शंभर डॉलरांहून महाग होते आणि सामान्य घराला परवडत नव्हते. तेव्हा सिंगरचे भागीदार एडवर्ड क्लार्क ह्यांनी १८५६ साली शक्कल काढली, की ५ डॉलर आधी द्या, यंत्र घरी न्या, आणि बाकीचे महिन्याच्या महिन्याला द्या. यंत्र धडाधड खपले. पुढे तेच सिंगर आपल्याकडे आले आणि किती घरांना त्याने आधार दिला ते आपल्या आज्यांना ठाऊक होते.

ह्या यंत्राची आठवण मला एका विद्यार्थ्याच्या आईने करून दिली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुढचे वर्ष फोनवर सुरू करावे लागले. ह्या बाई घरी कपडे शिवून दोन मुलांना शिकवीत होत्या. मुलाने हट्ट धरला होता, घ्यायचा तर ३० हजारांचा; वर्गातल्या अमक्याकडे तो आहे. दुकानदार हप्त्याने द्यायला तयार होता. बाई माझ्याकडे विचारायला आल्या. मी म्हटले, “ताई, हप्ता किती पडतो, ते विचारलंत?”

त्या म्हणाल्या, “हप्त्याचं मला सांगू नका, गुरुजी. मशीन मी हप्त्यानंच घेतली. तिचा हप्ता तिनंच फेडला. मी नुसते पाय चालवले. ह्याचा हप्ता कोण फेडणार?”

जे मी इतक्या पानांत सांगतो आहे ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितले. शाळेच्या कामाला आवाज नीट यावा, फळ्यावरचे अक्षर दिसावे आणि स्वाध्यायाचे छायाचित्र काढून पाठवता यावे, एवढेच पुरे होते. तेवढे ९ हजारांच्या फोनने भागले. मुलगा चार दिवस रुसला. त्याच्या रुसण्याला मी हसलो नाही. वर्गात सर्वांपुढे आपला साधा फोन काढताना पोराच्या मनाला काय होते ते मास्तराला दिसते. विणलेला रुमाल घातलेल्या त्या जुन्या फोनपासून आजपर्यंत, माणसाने फोनमध्ये थोडी प्रतिष्ठाही विकत घेतली आहे, आणि प्रतिष्ठेची भूक खोटी नसते. पण ती भूक फोनने भागत नाही, हेही तितकेच खरे. पुढल्या वर्षी नवा नमुना निघतो आणि ताट पुन्हा रिकामे होते. बाईंनी मात्र पुढे त्याच फोनवर ब्लाउजांचे नमुने गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली, आणि वर्षभरात फोनने आपले पैसे शिवणयंत्रासारखेच फेडले.

७

मग इतिहासाचा कौल काय? महाग नवलाई नेहमीच मूर्खपणाची असते असे तो म्हणत नाही. १८८२ चे वर्गणीदार, १९८३ ची वीट घेणारा, २००७ च्या रांगेतला माणूस, ह्यांनी दाम मोजले नसते तर आपल्याला स्वस्तात काही मिळाले नसते. त्यांचे आभार मानावे; पण त्यांच्या रांगेत उभे राहण्याची सक्ती आपल्यावर नाही. होडीतल्या कोळ्यासारखे ज्याचे काही वाळूत फुकट जात आहे, ज्याच्या डोळ्यांचे काम त्या यंत्राने होणार आहे, ज्याची रोजी त्यावर चालणार आहे, त्याने महाग फोन अवश्य घ्यावा आणि ७ वर्षे वापरावा. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि हौस आहे, त्यानेही खुशाल घ्यावा. सणासुदीला हौसेचा हिशेब विचारू नये. पण ज्याला कर्ज काढून, घरातल्या दुसऱ्या गरजेला कात्री लावून तो घ्यावा लागतो, त्याने एक वर्ष थांबावे. ह्या धंद्यात थांबणाऱ्याचे नुकसान झाल्याचे उदाहरण इतिहासात फारसे सापडत नाही.

आणि दुकानात जाण्यापूर्वी एक करावे. बहुतेक घरांत एखादे कपाट असते, त्यात एक खण असतो, आणि त्यात जुने फोन पडलेले असतात. एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी फुगलेली, एकाचा चार्जरच हरवलेला. दिवाळीच्या साफसफाईत तो खण ओढून ती सारी मंडळी ओळीने मांडावीत. त्यांतला प्रत्येक फोन एके काळी ह्याच घरात सर्वांत नवा होता; त्यालाही कोणी पेढे वाटले होते. प्रत्येकाची किंमत आठवावी आणि त्याने आपले काय काम केले ते आठवावे. एखाद्याची बॅटरी बदलून तो आजीच्या हातात देता येईल. फुगलेली बॅटरी मात्र घरात ठेवू नये, केरातही टाकू नये. विजेच्या वस्तूंचा कचरा घेणाऱ्याकडे ती सोपवावी. मग घरातल्या सर्वांनी बसून नव्याचे काय ते ठरवावे, आणि फराळाला लागावे.